जगनचा गुरुवार

जगन गप्प राहिला असता तर त्याला काय काय मिळणार होतं, ते आधी मांडून घेऊ. म्हणजे पुढे कुणी त्याला उगाच संत म्हणणार नाही आणि उगाच लबाडही म्हणणार नाही.

पहिलं म्हणजे मंडळीचं वडीलपण. वरशाच्या त्या लहानशा ख्रिस्ती मंडळीत पास्टरांच्या खालोखाल कारभार बघणाऱ्याला ‘वडील’ म्हणत, आणि नाताळच्या आत नवा वडील नेमायचा होता. दुसरं, जिते गावची संगती, म्हणजे प्रार्थनेची बैठक. पेणच्या पुढे जित्याला सीताबाईच्या पडवीत दर बुधवारी प्रार्थना व्हायची, ती चालवायला पास्टरांना माणूस हवा होता. म्हणजे दर बुधवारी शास्त्र, म्हणजे बायबल, काखेत मारून गाडीतून उतरायचं आणि स्टेशनावर कुणीतरी न्यायला आलेलं असायचं. रोहा स्टेशनाबाहेर ‘वरसे, वरसे, एक सीट’ म्हणून घसा बसवणाऱ्या रिक्षावाल्याला कुणी न्यायला येणं ही काय चीज असते, ते ज्याला कधी कुणी न्यायला आलं नाही त्यालाच कळेल. तिसरं, खांब गावचे सासरे. जावयाने दारू सोडून वर्षं लोटली, तरी म्हातारा अजून ‘काय, बरं हाय ना?’ विचारताना आधी त्याचे डोळे बघायचा आणि मग तोंड. जावई मंडळीचा वडील झाला की त्याला ही तपासणी बंद करावी लागली असती.

एवढी जमा. आणि खर्च काय, तर एक वाक्य न बोलणं. न बोललेलं वाक्य कुणाला दिसत नाही, म्हणून ते स्वस्त वाटतं.

वाक्य असं होतं: हौसाबाईने गोळ्या घेतल्या होत्या.

हौसाबाई मंडळीतली जुनी बाई. आवाज खणखणीत, प्रार्थनेला उभी राहिली की पत्रे वाजत. जगन गटारीकाठी पडलेला असायचा त्या दिवसांत त्याला उचलून, तोंड धुऊन, पहिल्यांदा मंडळीत आणून बसवला तो तिनेच. तर या हौसाबाईने उन्हाळ्यातल्या एका सभेत उभं राहून सांगून टाकलं होतं, “माझा डॉक्टर वर बसलाय. त्याची चिठ्ठी असल्याशिवाय मी गोळी तोंडात टाकायची नाय.” पास्टर महिपती सरांनी असं कधी शिकवलं नव्हतं. ते शाळेतून निवृत्त झालेले गृहस्थ. डायबेटीसची गोळी सगळ्यांसमोर चहाआधी घ्यायचे. पण लोक आपल्याला हवं तेच शिकतात. सरांची गोळी बघून म्हणायचे, सरांचं वय झालं आता.

श्रावण लागायच्या सुमाराला हौसाबाईला ताप भरला. थंडी वाजायची, दात वाजायचे, घाम फुटून उतरायचा आणि एका दिवसाआड पुन्हा चढायचा. मंडळीने साखळी उपास धरला. त्याची रीत अशी की आजारी माणसासाठी रोज एका घराने उपास करायचा, दिवस मावळला की पुढच्या घराने धरायचा, साखळी तुटू द्यायची नाही. आजारी माणूस ज्याच्या दिवशी उठून बसेल त्याच्या नावाने पाटी लागते, असं पास्टरांनी कधीच म्हटलं नव्हतं. पण कुणाच्या दिवशी कोण उठलं, हे बायकांना तोंडपाठ असायचं.

साखळी चालू असताना एका सकाळी हौसाबाई डोक्यावरून पदर ओढून स्टेशनाबाहेर जगनच्या रिक्षाजवळ आली.

“जगन, मला पेणला ने.”

“पेणला कशाला? रोह्यात काय डॉक्टर मेलेत?”

“रोह्यातले डॉक्टर जिवंत हायत, म्हणूनच पेणला. आणि कुणाला बोलू नको. काशीला पण नाय.” काशी म्हणजे जगनची बायको. “तुला मी किती वेळा झाकलाय, आठव.”

त्याने रिक्षा शेजारच्याला बघायला सांगितली आणि तिला शटल गाडीत बसवून पेणला नेली. डॉक्टरने बोट टोचून काचेवर रक्त घेतलं, मलेरिया म्हणाला, गोळ्या दिल्या. परतताना गाडीत कासू स्टेशनाच्या पुढे हौसाबाईने पहिली गोळी तोंडात टाकली, कडूपणाने डोळे मिटले, आणि डोळे मिटलेच आहेत तर म्हणून प्रार्थनाही करून घेतली.

तिचा ताप हटला तो गुरुवारी. गुरुवार जगनचा होता.

रविवारी ती साक्ष द्यायला, म्हणजे प्रभूने काय केलं ते सगळ्यांपुढे सांगायला, उभी राहिली. गोळी घेतली नाही असं ती बोलली नाही; एवढं तिचं मन शाबूत होतं. “गुरुवारी सकाळी उठले तर अंग कापसासारखं,” एवढंच म्हणाली. मागून कुणीतरी विचारलं, “गुरुवार कुणाचा गो?” आणि चार बायका एका सुरात म्हणाल्या, “जगन ब्रदरचा.” टाळ्या पडल्या. हौसाबाईने जगनकडे बघितलं. जगनने तोंड उघडलं. वाक्य जिभेवर होतं, ही गोष्ट त्याच्या बाजूने लिहायला हरकत नाही. पण तोंडातून निघालं ते ‘आमेन’.

त्यानंतरचे रविवार गोड गेले. कुणाच्या सुनेचं बाळंतपण, कुणाचा गुडघा, कुणाच्या पोराची धाटावच्या कंपनीतली मुलाखत. लोक येऊन म्हणायचे, ब्रदर, एक दिवस आमच्यासाठी धरा. जगन धरायचा. खरोखर धरायचा, चोरून घोटभर चहासुद्धा नाही. मात्र प्रार्थनेआधी तो घसा खाकरायला लागला होता. काशी एकदा म्हणाली, “घशाला काय झालंय तुमच्या? पूर्वी प्रभूला तुमचं असंच ऐकू जायचं.”

भाद्रपद तोंडावर आला असताना जित्याचा निरोप आला. सीताबाईच्या नवऱ्याला, काळुरामला ताप. जगन ब्रदरला ताबडतोब पाठवा. निरोप पास्टरांना नव्हता, जगनलाच होता. दुपारच्या शटलमध्ये बसताना जगनला काळजी वाटली हे खरं. पण काळजीच्या शेजारी दुसरंही कुणीतरी पाय पसरून बसलं होतं आणि जिते येईपर्यंत उठलं नाही, हेही खरं.

स्टेशनावर न्यायला काळुरामचा थोरला भाऊ शिवा आला होता. तो मंडळीतला नव्हता. घरचे देव त्याच्याकडे होते, आणि एक टेम्पो. पेणच्या कारखान्यांतून गणपतीच्या मूर्ती पनवेलला पोचवायचा त्याचा हंगाम ऐन भरात होता.

“आलास? बस,” शिवा म्हणाला. “सकाळपासून वाट बघतोय. तुझा देव गाडीच्या टायमानं येतो वाटतं.”

“कसा हाय काळुराम?”

“तूच बघ. मी सकाळीच त्याला पेणला नेणार होतो. तुझी सीताबाई दारात आडवी. म्हणते जगन ब्रदर येईपर्यंत हलवायचा नाय. कारखानदार तिकडं माझ्या नावानं बोंबलतोय, मूर्ती भरायच्या राहिल्यात. मी म्हटलं, बोंबल. भाऊ एकच हाय.”

पडवीत चटईवर काळुराम पडला होता. तो खाडीकाठच्या खाजणातल्या शेतात चिखलात राबणारा, धिप्पाड माणूस. आता त्याच्याकडे बघवत नव्हतं. डोळे लाल, आणि लालीच्या मागे पिवळे. पोटऱ्यांना जगनने नुसता हात लावला तर तो कळवळला.

“जगनदादा, पाय कुणी पिळतंय रे,” तो म्हणाला आणि बाजूच्या घमेल्यात ओकला. पडलं ते नुसतं पाणी.

“सकाळपासून लघवीला नाय झालेली,” शिवा जगनच्या कानाशी म्हणाला. “हे मलेरियाचं नाय. आमच्या आळीत मागच्या साली एक असाच गेला.”

सीताबाई आतून आली. डोळे सुजलेले, पण चेहरा ठाम. तिने दुसरी चटई झटकून जगनला बसायला दिली. रोह्याच्या पाहुण्याला देतात तशी.

“हौसाबायला उठवलात तसे यांना उठवा, ब्रदर. तोच ताप हाय. थंडी वाजते, उतरतो, परत चढतो. मी कालपासून पाणी पण घेतलं नाय. आता साखळी तुम्ही धरा.”

“धरतो की,” जगन म्हणाला. “पण सीताबाई, आधी पेणला नेऊ. प्रार्थना पण करू, औषध पण करू. पास्टर पण तेच सांगतात.”

“दोन्ही कशाला? भिजायचं म्हणून बाहेर जायचं आणि छत्री उघडायची, तसलं झालं ते.” तिचा आवाज चढला नाही, आणि त्यामुळे जगनला जास्त भीती वाटली. “हौसाबायनं घेतलं काय औषध? उभी राहून बोलली ती सगळ्यांच्या पुढ्यात. मी होते त्या रविवारी, मुद्दाम गाडीनं आले होते. तिचा विश्वास पुरला, आणि आमचा नाय पुरायचा? तुम्हीच असं बोलायला लागलात तर आम्ही कुणाकडं बघायचं?”

“समजव बाबा,” शिवा म्हणाला. “तुझंच ऐकेल. आमचं ऐकून ऐकून तिचे कान भरलेत.”

काळुरामला उचकी लागली. उचकीबरोबर सगळं अंग हलत होतं.

आणि नेमका तेव्हा जगनला तो बेत सुचला. सुचला म्हणजे आयता येऊन मांडीवर बसला. काळुरामच्या कपाळावर हात ठेवायचा. डोळे मिटायचे. जरा वेळ काहीच बोलायचं नाही. मग हळूच म्हणायचं, सीताबाई, प्रभूने मला दाखवलं. पांढऱ्या कपड्यातला माणूस, पेणचा दवाखाना, त्याच्या हातून काळुराम बरा होणार. झालं. सीताबाई त्या क्षणी उठेल. टेम्पो उभाच आहे. काळुराम वाचेल. हौसाबाईची अब्रू झाकलेली राहील, तिचे उपकार फिटतील. वडीलपण राहील, जित्याची संगती राहील. उलट बुधवारी लोक दुप्पट येतील, कारण आता जगनला नुसता उपास नाही, दर्शनही होतं. कुणाचं काही जात नव्हतं. पेणचा डॉक्टर खरा, त्याचे पांढरे कपडे खरे. मधला एवढासा दृष्टांत तेवढा पदरचा.

त्याने हात ठेवला. कपाळ तव्यासारखं. सीताबाईने मान खाली घातली, शिवानेसुद्धा टोपी काढून हातात घेतली.

“प्रभू मला...” जगनने सुरुवात केली.

तेव्हाच त्याच्या छातीत काहीतरी सैल झालं. जिभेच्या मुळाशी पाणी सुटलं. हे सैल होणं त्याच्या ओळखीचं होतं. ग्लास अजून भरायचा असतो, पण भरणार हे नक्की झालेलं असतं, तेव्हा अगदी असंच वाटायचं. आणि तीही दारू कधी दारू म्हणून आली नव्हती. मित्राच्या बापाची मयत होती, त्याच्या दुःखात बसायला नको? मेव्हण्याच्या लग्नात नाही म्हणून त्याचं तोंड उतरवायचं? नाइट शिफ्टवाल्याला थंडी वाजतेय, एकटा कसा घेईल बिचारा? प्रत्येक वेळी कुणाचं तरी भलं करायला तो बसला होता. एकदासुद्धा स्वतःसाठी प्यायला बसल्याचं त्याला आठवत नव्हतं. शास्त्रातही सैतान प्रभूला मंदिराच्या टोकावर नेऊन, उडी मार, देवदूत झेलतील, असं म्हणतो तेव्हा वचनच काढून दाखवतो; शिवी नाही देत.

जगनने हात काढला.

“काय दिसलं?” सीताबाईने मान वर केली.

“काय नाय दिसलं.”

जगन तिच्याकडे वळून बसला.

“सीताबाई, हौसाबाईने गोळ्या घेतल्या होत्या. मीच तिला गाडीनं पेणला नेली होती. मलेरिया होता तिला.”

शिवाने टोपी परत डोक्यावर घातली. सीताबाई मात्र जगनकडे बघत राहिली, आणि मग तिने मान हलवली, एखाद्या पोराची थाप पकडावी तशी.

“खोटं. यांना न्यायचं म्हणून बोलताय तुम्ही. भाऊजींनी गाडीत पढवलं तुम्हाला.”

म्हणजे झालं असं, की जगनने खोटं सांगितलं असतं तर तिने डोळे मिटून घेतलं असतं. खरं मात्र तिला खपेना. इतके रविवार न बोलता ठेवलेलं खरं असंच होतं, त्याला वास येतो. जगनला सगळं सोलून सांगावं लागलं. बोट कुठलं टोचलं, ते. गोळी कासूच्या पुढे घेतली, ते. चोळीत पुडी ठेवली आणि घामाने कागद भिजला, ते. कुणाला सांगू नको म्हणाली, तेही. एकेक सांगताना हौसाबाई समोर उभी राहून ऐकतेय असं त्याला वाटत होतं, आणि तो थांबला नाही.

“मग साक्ष?” सीताबाई म्हणाली.

“तिने गोळी घेतली नाय असं कुठं म्हटलं? आपण तसं ऐकलं. मी ऐकू दिलं.”

“आणि तुमचा उपास?”

“उपास खरा होता.”

“मग त्याचा उपयोग काय झाला?”

इथे एक छान उत्तर तयार होतं. प्रभूनेच तिला डॉक्टरकडे जायची बुद्धी दिली, उपासामुळे दिली. कदाचित ते खरंही असेल. पण आज गोड लागेल ते काहीच तोंडात घ्यायचं नाही, असं त्याने त्या घडीला ठरवून टाकलं होतं.

“ते मला नाय माहीत,” तो म्हणाला.

सीताबाई उठली. तिने घमेलं उचलून अंगणात रिकामं केलं, परत आली, आणि जगनकडे न बघता दिराला म्हणाली, “भाऊजी, उचला.”

टेम्पोत मूर्तींसाठी पसरलेला पेंढा होता, त्यावर काळुरामला निजवला. जगन त्याच्या डोक्याशी बसायला गेला.

“तुम्ही पायाकडं बसा,” सीताबाई म्हणाली.

पेणच्या दवाखान्यात डॉक्टरने काळुरामच्या पापण्या वर केल्या, पोटऱ्या दाबल्या, शेवटची लघवी कधी झाली ते विचारलं, आणि मग कुणाशी न बोलता नर्सला सलाईन लावायला सांगितलं. लेप्टो होता. चिखलात उंदराच्या मुतातून येतो, पायाच्या जखमेतून शिरतो. “कुणाची वाट बघत होता तुम्ही?” डॉक्टरने शिवाला विचारलं. शिवाने दोघांकडे आळीपाळीने बघितलं आणि म्हणाला, “गाडीची.” एवढं त्याने झाकलं.

दोन रात्री काळुराम इकडचा की तिकडचा ते कळत नव्हतं. तिसऱ्या दिवशी पिशवीत लघवी उतरली, तेव्हा सीताबाईने कोपऱ्यात जाऊन उपास सोडला.

जगनपुढे आता मंडळी होती, आणि मंडळीच्या आधी हौसाबाई. शनिवारी तो तिच्या दारात गेला. ती सुपात वाल निवडत बसली होती. त्याने जित्याला जे झालं ते सांगितलं. तिचा हात थांबला नाही.

“मला विचारायचंस तरी,” ती म्हणाली.

“वेळ नव्हता, हौसाबाई. माणूस जात होता.”

“त्या दिवशी वेळ नव्हता, व्हय. त्याच्या आधी किती रविवार गेले? कधी एकदा येऊन म्हणालास, हौसाबाय, चल, दोघं उभी राहू आणि सांगून टाकू? तू म्हणाला असतास तर मी उभी राहिले असते.” तिने किडका वाल बाजूला फेकला. “नसते पण राहिले कदाचित. पण तू विचारलं नाहीस. तुला बरं लागत होतं तोवर माझं गुपित तू सांभाळलंस, आणि कडू लागलं तेव्हा थुंकलास.”

जगनने तो वाल उचलून पायरीच्या कडेला ठेवला.

“तू रस्त्यात पडायचास तेव्हा मी कुणाला सांगितलं होतं रे?”

जगन पायरी उतरला.

रविवारी त्याने उभं राहून सगळं सांगितलं, घसा न खाकरता. टाळ्या पडल्या नाहीत. सभा संपल्यावर महिपती सरांनी त्याला थांबवून घेतलं. “वडीलपणाचं आता राहू दे. जित्याला मी स्वतः जाईन,” ते म्हणाले. “शिक्षा म्हणून नव्हे. तुला लोकांनी मान दिला की तू काय करतोस, ते तुलाही कळलं, मलाही कळलं.”

“व्हय सर,” जगन म्हणाला.

मग आता कुणी काय भरलं ते बघू. काळुराम वाचला, पण त्या हंगामात तो चिखलात उतरला नाही. भात शिवाने कापलं. शिवाचं मूर्तींचं भाडं गेलं आणि कारखानदाराने पुढच्या सालापासून दुसरा टेम्पो लावला. सीताबाई बुधवारी पडवी झाडते, सतरंजी घालते, पण आता कुणाच्या साक्षीला मान डोलवत नाही. आधी विचारते, डॉक्टर कोण होता? जगनचं वडीलपण गेलं. खांबच्या म्हाताऱ्याला ही बातमी दुसऱ्याच दिवशी पोचली, आणि त्याने ती आवडीने चार घरी सांगितली. हे जगनने भरलं आणि भरताना कुरकुर केली नाही. खरं तर त्याला त्याचं काही परतही मिळालं. महिन्याभरातच मंडळीत लोक म्हणायला लागले, काही म्हणा, माणूस सरळ आहे.

हौसाबाईबद्दल असं कुणी म्हणालं नाही. गप्प दोघंही राहिली होती. पण सांगणारा सरळ ठरला आणि जिचं सांगितलं ती लबाड. तिच्या बाजूला बसणाऱ्या बायका हळूहळू दुसऱ्या सतरंजीवर सरकल्या. ती प्रार्थनेला उभी राहिली की कुणीतरी खोकायचं. नाताळ यायच्या आत तिने वरशाच्या मंडळीत येणं सोडलं. आता रविवारी सकाळी ती एकटीच शटल धरते आणि पेणला जाते. तिथे एक मंडळी आहे, तिला कुणी ओळखत नाही, ती मागे बसते आणि बोलत नाही. जगन तिच्या घरापाशी रिक्षा हळू करतो, स्टेशनापर्यंत सोडतो म्हणतो. ती बसत नाही. पाय दुखतात तिचे, तरी चालत जाते.